अर्जातलं शेवटचं वाक्य

सोमवार, १ एप्रिल १९९६
इथे सुरतेतच, उधन्याच्या एका साडीवाल्यांच्या ऑफिसात टेलिफोनवर मुलगी हवी आहे. अर्ज इंग्रजीत, शनिवारी पाचपर्यंत, स्वतः नेऊन द्यायचा. नोकरी नाही लागली तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी नेऊन मुलगा दाखवणार, असं आई म्हणाली. म्हटलं, उद्याच देते अर्ज.

मंगळवार, २
अर्ज तयार. एकच वाक्य बाकी: मी मनापासून प्रयत्न करीन. आधी ‘ट्राय’ लिहिलं. फार हलकं वाटलं. चप्पलसुद्धा ट्रायच करतात. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझी चूक ती सगळ्या घराची चूक.

बुधवार, ३
वाचनालयातून डिक्शनरी आणली. ‘अटेम्प्ट’. यात फसल्याचा वास येतो. खोडलं. नवा कागद. बाबांच्या पॉवरलूमच्या कारखान्याला आज सुट्टी, सायकलवर सोडतो म्हणाले. शब्दच ठरलेला नाही, जाऊन काय करू?

गुरुवार, ४
‘एंडेव्हर’. भारदस्त! पण मुलाखतीत उच्चारायला लावला तर? खोडलं. शेजारची कुंदन, नववी नापास, डोकावून म्हणाली, “काय गं सुंदरा, अर्ज लिहितेस का पोथी?” दुर्लक्ष केलं.

शुक्रवार, ५, दुपारी
सापडला! ‘स्ट्राइव्ह’. चिकाटीने, दीर्घकाळ झटणे. चार दिवस मी तेच तर करते आहे.
बाबांना सांगितलं. म्हणाले, “बेटा, धागा तुटना की गाठ मारानी. इचार करत बसनं की लूम बंद उभी राहस.” बाबांना इंग्रजीतले बारकावे कळत नाहीत.
उद्या अर्ज नक्की पाचपर्यंतच घेतात ना? फुकट फेरी नको. कुंदनला सकाळी विचारून यायला सांगितलं आहे.

शनिवार, ६
कुंदन दुपारपर्यंत परतली नाही. तेवढ्यात अक्षर सुधारून आणखी एक प्रत काढली. पाचला दहा कमी असताना पोचले. टेलिफोनजवळ कुंदन बसलेली! म्हणाली, “मी तर तुझंच विचारायला आले. फोन वाजत होता, कोणी उचलेना. मी उचलला, हलो बोलो म्हटलं. शेठ म्हणाले, बस इथंच.”
मग हात पुढे करून म्हणाली, “लाव ने, आण इकडे अर्ज, मी देते शेठला.”
दिला. तिने न वाचता टेबलाच्या खणात ठेवला.

शनिवार, २० एप्रिल, गावी
आखाजी. मुलाकडचे येऊन गेले. मुलाने विचारलं, इंग्रजी बोलता येतं का?
म्हटलं, ट्राय करते.
दुसरा शब्दच आठवला नाही.