दीपस्तंभापाशी अडकलेली होडी

मंगळवार, ४ मार्च

हो, परत तिथंच! होडी दीपस्तंभाला वळसा घालायला गेली की सगळं थिजतं. उचललेली लाट तशीच. पांढरा पक्षी हवेत टांगलेला. बटणं बडवली — ढिम्म.

ह्यांचा जुना गेम. शेवटची दोन वर्षं हे त्या होडीतच राहायला होते, घरात फक्त जेवायला यायचे. त्यांची होडी मला पलीकडच्या बेटावर पोचवायचीय. लेकीचा फोन — "आई, रविवारी नवा कॉम्प्युटर आणतेय. तो डबा भंगारात." डबा म्हणे! तुझा बाप आहे त्यात.

बुधवार, ५

समोरच्या रेडिओवाल्याला बोलावलं. म्हातारा, पण हात सोन्याचे. केसांना ताजा कलप. म्हटलं, "भाऊजी, काळं कॉम्प्युटरला लावू नका हं." तर म्हणतो, "वहिनी, तुमची जीभ तेवढी कधी हँग होत नाही!"

झाकण उघडलं. पंख्यावर धुळीची गोधडी. खाली बिस्किटांचा चुरा — डॉक्टरांनी ह्यांचं गोड बंद केलं होतं ना? चोर कुठले!

झाडूनपुसून होडी सोडली. दीपस्तंभ. ठप्प.

गुरुवार, ६

आवाज बंद करून पाहिलं. चित्र बारीक करून पाहिलं. ठप्प.

दुपारी नुसती पडद्याकडे बघत बसले. खिडकीतलं ऊन सरकत होतं, समुद्र नाही. डोळा लागला. फरशी निळी झाली होती. मी पदर खोचून पाण्यातून चालले होते. पाणी कोमट. पुढं हे, पाठमोरे. हाक मारावी वाटलं, मारली नाही. जागी झाले तर चहा गार, पक्षी तिथंच.

शुक्रवार, ७

रेडिओवाल्यानं नवा डाव मांडला. होडी वळसा घालून सुळकन गेली! "गेम ठणठणीत आहे, वहिनी. भाऊंनी साठवलेला डाव बिघडलाय." त्यानं साठवलेल्या डावांची यादी उघडली. ह्यांनी एकेका डावाला नाव दिलेलं — त्या त्या दिवशीच्या माझ्या तोंडावरून! 'हसली'. 'गप्प आहे'. 'चहा आपणहून दिला'. रेडिओवाला खोकल्याचं सोंग करून हसला. म्हटलं, "वाचू नका, परक्या बाईचं हवामान आहे ते!"

शेवटचा डाव — 'रागावली आहे'. अडकतो तो हाच.

"साठवताना मध्येच वीज गेली होती का? दीपस्तंभापुढचा समुद्र ह्यात उतरलाच नाहीये."

म्हटलं, "गेली असेल."

"हा नाही व्हायचा दुरुस्त. आदला उघडा, त्यातली होडी पोचेल."

शनिवार, ८

'चहा आपणहून दिला' उघडला. एकटीनंच. दीपस्तंभ मागं पडला, पक्षी उडाला, लाटांवर लाटा. बेट आलं. पिवळी वाळू, झाडं हलतायत. किनाऱ्यावर कुणी नाही. किती तरी वेळ होडी नुसती डुलत ठेवली.

पोचली खरी. पण ही त्यांची शेवटची नव्हे.

रविवार, ९

लेक आली. डबा देत नाही म्हटलं. "अगं पण का?" सांगितलं नाही.

वीज गेली नव्हती. "थांब गं, एक मिनिट, साठवतोय," असं हे म्हणत होते, आणि मी रागानं प्लग उपटला. रात्रभर बोलले नाही. सकाळी हे उठलेच नाहीत.