दोघांत एकच पत्ता

प्रिय दिग्विजय,

'प्रिय' सवयीनं लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. बढतीबद्दल अभिनंदन. खराडीच्या ऑफिसात पेढे वाटलेस म्हणे. माझ्या टेबलापर्यंत खोका आला नाही, पण असो, माझं काही अडलं नाही.

हिंजवडीत होतो तेव्हा कंपनीच्या बसमध्ये तू मला कोडमधलं 'ऑब्जेक्ट' म्हणजे काय ते शिकवायचास. बस तासभर जागची हलायची नाही, आणि तू माझा जेवणाचा डबा उघडून समजावायचास. डबा ही एक वस्तू, आतली वाटी ही दुसरी. वाटीचं झाकण तिचं, भाजी तिची, डब्याला फक्त आपल्यात वाटी आहे एवढंच ठाऊक. ग्राहक आणि त्याच्या आतला पत्ता यांचंही तसंच, म्हणायचास. मी तुझ्या तोंडाकडे बघत बसायचे. वेडीच होते, दुसरं काय!

पुढे आपण औषधं घरपोच पाठवण्याचं सॉफ्टवेअर केलं. नवरा-बायकोनं एकत्र नोंदणी केली, की प्रत्येकाला आपापला पत्ता द्यायचं सोडून तू एकच पत्ता दोघांच्या आत अडकवलास. घर एक तर पत्ता एक, हे तुझं शहाणपण. तपासणी माझ्याकडे होती. मला ते खटकलं होतं रे, पण चालतंय गं म्हणून तू हसलास आणि मी पास करून टाकलं.

पत्ता बदलायचा भाग नियाजभाईंकडे होता. पंधरा वर्षांचा अनुभव, तरी हात लावण्याआधी विचारणारा माणूस. प्रत्येकाचा पत्ता वेगळा आहे ना, असं त्यांनी माझ्यासमोर तुला विचारलं. मान वर न करता तू हो म्हणालास. मी गप्प बसले.

मग बिबवेवाडीच्या दुर्गाबाई लेकीकडे नागपूरला गेल्या आणि त्यांनी आपला पत्ता बदलला. घरी एकटे राहिलेल्या त्यांच्या यजमानांचा, उत्तरेश्वरकाकांचाही बदलला, कारण पत्ता मुळात एकच होता. काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या नागपूरच्या वाटेला लागल्या. ते पाच दिवस दाराकडे डोळे लावून बसले. शेजारच्या दुकानातून आणता येत नव्हत्या का, असं तू मीटिंगमध्ये विचारलंस. लाज कशी वाटली नाही? सहाव्या दिवशी ते मोरीत कोसळले, उजवी बाजू गेली. पार्सल त्याच दुपारी लेकीच्या हातात पडलं.

खापर फुटलं नियाजभाईंवर. पत्ता बदलणारा कोड त्यांचा होता, तेवढाच सगळ्यांना दिसला. तू आपल्या भागात गुपचूप दुरुस्ती केलीस आणि वर त्यांच्या निष्काळजीपणावर बोललास. त्यांची नोकरी गेली. पुढे दोन कंपन्यांनी घेता घेता नाकारलं. परवा त्यांच्या पत्नी, जैनबभाभी, बाजारात भेटल्या आणि मला जेवायला बोलावू लागल्या. मला! तिथंच रडू फुटलं.

जुन्या नोंदींत तुझा कोड तारखेसकट आहे. तपासणारी म्हणून खाली माझं नाव आहे. सोमवारी सकाळी ते घेऊन मी वरिष्ठांपुढे बसणार आहे, नियाजभाईंनाही बोलावलंय. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. थांबवायला फोन करू नकोस. तुला आधी कळवते आहे, कारण नियाजभाईंना त्यांची 'चूक' सगळ्या ऑफिसला गेलेल्या मेलमधून कळली होती, आणि मला तुझ्यासारखं वागायचं नाही.

तुझीच साक्षीदार,
अपेक्षा