शेंगदाणा-सुपाच्या डब्यांची मांजरं

युनलिन, घरून
१२ मार्च, गुरुवार

प्रिय ताई,

कशी आहेस? इकडं सगळं ठीक. आजी बरी आहे, तिचा गुडघा तसाच. बाबा बरे आहेत, त्यांचा आवाज तसाच. तू आजोबांसाठी पाठवलेलं पार्सल मिळालं. मोजे छान आहेत, जाड, आतून लोकरीचे. आजी घालते. खोक्यावर तुझा पत्ता होता म्हणून हे पत्र लिहितेय. फोन नंबर तू बदललास आणि नवा कुणाला दिला नाहीस. दिला असतास तरी मी काय बोलणार होते म्हणा. मी हॅलो म्हणून गप्प राहिले असते आणि तू कोण कोण करत ठेवून दिला असतास.

एक काम आहे. तू २९ तारखेला, रविवारी, घरी यायचंस. का ते सांगते, पण आधी मला डब्यांबद्दल बोलू दे, नाहीतर माझं डोकं फुटेल.

आपल्या घरात डबे आहेत. जिन्याखाली खोकी, देवघराच्या बाजूला खोकी, दुकानात टायरच्या मागं खोकी. थोडी वाम माशाची, थोडी काकडीच्या लोणच्याची, आणि बाकी सगळी शेंगदाण्याच्या गोड सुपाची. बाबा म्हणतात, संपवायचं. टाकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. आपण संपवायचं. म्हणून सकाळी शेंगदाणा सूप, दुपारी शेंगदाणा सूप. मी नाक मुरडलं की ते म्हणतात, "काय झालं? गोड आहे, मऊ आहे, चावायचे कष्ट नाहीत. पी."

"अरे, पोरीला जरा भात वाढू दे," आजी म्हणते.

"भात आहे की. भातावर घे."

"भातावर? गोड सूप? तू लहानपणी पडला होतास तेव्हा डॉक्टरला दाखवायला हवं होतं मी."

रोज हेच. कालचं बोलणं मी आजच्या तारखेत लिहिलं तरी काही फरक पडणार नाही.

तर एवढं सूप प्यायल्यावर रिकामे डबे राहतात. बाबांना मी विचारलं (म्हणजे डबा हातात धरून त्यांच्यापुढं उभी राहिले), कचरागाडीला देऊ? तर म्हणाले, "राहू दे." का, ते नाही. राहू दे. धुतले, वाळवले, रचले. मग रचलेल्या डब्यांना अडखळून बाबाच पडले आणि ओरडले माझ्यावर.

तेव्हा मी त्यांची जनावरं करायला घेतली. करायला दुसरं होतं काय? शाळेचं विचारू नकोस. सोडली. वर्गात उभं राहून वाचायला लावायचे, माझा आवाज निघायचा नाही, सगळे वाट बघत बसायचे. त्यापेक्षा दुकानात पंक्चर काढलेलं बरं. ट्यूबशी बोलावं लागत नाही.

डब्याचा कागद गरम पाण्यात निघतो, पण खालचा चिकटा निघत नाही, तो खायच्या तेलानं घासावा लागतो. मग आजी ओरडते, तेल कुठं गेलं. कडा पकडीनं आत दाबायची, नाहीतर बोट कापतं. माझी कापलीत. रंग दुकानातलाच, स्कूटरला मारतो तो, म्हणून माझी मांजरं चकचकीत निळी नाहीतर टॅक्सीसारखी पिवळी आहेत. कान जुन्या ट्यूबच्या रबराचे. डबा उघडायची कडी असते ना, ती उलटी चिकटवली की डुकराचं नाक. वामीचा डबा चपटा असतो, त्याचं कासव होतं, त्यात केसाच्या पिना राहतात.

पहिलं मांजर बघून बाबा म्हणाले, "हे काय?"

"मांजर."

"हिला मान कुठाय?"

"डब्याला मान नसते."

"मग डबाच ठेवायचा होता. उगाच कान लावून त्याची फजिती."

आणि आठवड्याभरात काय? त्यांनीच त्यात सामान भरायला सुरुवात केली. विचारायचं नाही, सांगायचं नाही. आता गिऱ्हाईक समोर उभं असताना दुकानातून ओरडतात, "रुओछी, व्हॉल्वच्या टोप्या कुठायत?"

"डुकरात."

"नट?"

"मोठ्या डुकरात."

"दहाचा पाना?"

"अस्वलात असेल, नाहीतर तुमच्या खिशात."

खिशात असतो.

अशातच बालवाडीच्या छाय बाई स्कूटर घेऊन आल्या. काउंटरवर निळं मांजर बघून लहान मुलीसारख्या किंचाळल्या. "अय्या, हे कुणी केलं? तू? अगं, माझ्या सगळ्या मुलांना ब्रश ठेवायला करून देशील? प्रत्येकाला वेगळं जनावर?" ताई, नाही म्हणायला बोलावं लागतं. हो म्हणायला मान हलवली तरी भागतं. मी मान हलवली.

पण मला काळजी होतीच. म्हणून आजीला विचारलं, हे डबे मुलांना दिले तर चालतील का. ती म्हणाली, "आतून तळाला लाल कागदाचा तुकडा चिकटव. मग काही नाही." मी प्रत्येकाला चिकटवला. नीट, चौकोनी, बोटाच्या नखाएवढा. बेडकाला, सशाला, घुबडाला, सगळ्यांना.

आणि त्या कागदानंच घात केला. गुओ आजी आहेत ना, त्यांच्या नातवाला बेडूक मिळाला. त्यांनी ब्रश धुवायला काढले, आत डोकावून बघितलं, आणि चौकोनी लाल कागद दिसला. लग्न नाही, नवीन वर्ष नाही, आणि डब्याच्या तळाशी लपवून लाल कागद? आपल्या गावातल्या बाईला त्याच्यापुढं काही सांगावं लागत नाही.

तुलाही लागणार नाही. पहिल्यांदा डबे म्हटलं तेव्हाच तू समजली असशील, आणि मी उगाच मांजरं आणि डुकरं करत इथपर्यंत आले. एवढे डबे एका घरात एकाच कारणानं येतात. दाराच्या दोन्ही बाजूंना डब्यांचे मनोरे उभे राहतात, माणसाहून उंच, वर प्लास्टिकची कमळं, खाली पाठवणाऱ्याचं नाव. आणि शेजारच्या दारांवर आपण लाल कागद लावत फिरतो, आपल्या घरातलं अशुभ त्यांच्या घरात जाऊ नये म्हणून.

ताई, आजोबा गेले. जानेवारीत. दुपारी जेवून पडले होते, रेडिओ चालू होता. मी बंद केला. रेडिओ बंद केला की ते डोळे न उघडता नेहमी म्हणायचे, "ऐकतोय मी." या वेळी म्हणाले नाहीत. त्रास काही झाला नाही, डॉक्टर पण तेच म्हणाले.

तुला कळवायला आत्यानं जुन्या नंबरवर कितीदा फोन केला. बाबा म्हणाले, "ती नंबर बदलून बसलीय, तिला नकोय आपण. सोड." तुझं पार्सल त्यानंतर आलं. बाबांनी मोजे हातात घेतले, आजीच्या मांडीवर ठेवले आणि पंक्चर काढायला गेले. त्या दिवशी दुकानात पंक्चर झालेली एकही गाडी नव्हती.

तुला इथंच थांबायचं असेल तर थांब. पाणी पी. बाकीचं नंतर वाच.

तर गुओ आजी दुसऱ्या दिवशी आल्या. एकट्या नाही, अजून चार-पाच आज्या आणि एक आई घेऊन. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत माझं जनावर, आणि पिशवी अंगापासून लांब धरलेली, जसा काही आत सापच आहे. छाय बाई मागं उभ्या, चेहरा रडवेला. मी तेलाच्या पिंपामागं गेले. कुठंतरी जायला हवंच होतं.

"लियाओ!" गुओ आजी ओरडल्या. "पोरीला कळत नाही, तुला तरी कळतं का? मनोऱ्याचे डबे आमच्या पोरांना? आमच्या घरात सगळे जिवंत आहेत अजून!"

बाबा स्कूटरखालून डोकं न काढता म्हणाले, "लाल कागद लावलाय ना तिनं? मग झालं."

"लावलाय म्हणूनच कळलं!"

"म्हणजे नसता लावला तर चाललं असतं?"

मला पिंपामागं हसू आलं आणि मीच घाबरले.

"तोंड चालवू नकोस. मनोऱ्याचे डबे लोक वाटून टाकतात. साठवून वर्षभर पीत बसत नाहीत. तुझे वडील गेले तर तू डब्यांची वखार उघडलीस!"

तेव्हा बाबा बाहेर आले. हात पुसले, फडक्याला, मग पँटला, मग परत फडक्याला. "बाकीचे वाटले. तुमच्या घरी पण आले होते, गुओ आजी. खाल्लेत ना?"

"खाल्ले. ते वेगळं."

"हे नाही वाटणार. हे माझ्या थोरलीनं पाठवलेत."

"थोरली? ती तर आली पण नव्हती."

"कामात होती. ती येऊ शकली नाही म्हणून डबे पाठवले. आजोबांना तिनं पाठवलेलं आहे, ते घरातच संपवायचं. तुम्हाला नको असेल तर ठेवा इथं आणि जा. दुकान उघडं आहे माझं."

सगळ्यांनी पिशव्या दारात ठेवल्या आणि गेल्या. जाताना गुओ आजी माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बेडूक बरा केला होता पण."

ताई, तू काही पाठवलं नव्हतंस. तुला माहीतच नव्हतं. बाबांनीच मनोरेवाल्याला फोन केला होता, मी तिथंच चाक धरून उभी होते. शेंगदाणा सूप घाला म्हणाले, आजोबांना आवडायचं. आणि खाली नाव लिहा, मोठी नात, लियाओ रुओशान. मनोरेवाल्यानं काहीतरी विचारलं असावं, कारण बाबा एकदम खेकसले, "जिवंत आहे, तैपेईत आहे, पाव भाजते. लिही तू."

ज्या पाव भाजण्यावरून त्यांनी तुला म्हटलं होतं, शेतकरी संघातली नोकरी सोडून या दारातून गेलीस तर परत येऊ नकोस, तेच पाव. आणि तू म्हणालीस, नाही येत. मी तेव्हा टेबलावरच बसले होते, मला कुणी काही विचारलं नाही. त्यांनी तोंड उघडायचं नाही, तू नंबर द्यायचा नाही, आणि तुमच्या दोघांच्या मधे सूप मी पितेय. मला वैताग आलाय तुमचा. तुझा पण. आजारपणात आजोबांना उठवायला, बसवायला मी होते आणि ते मला तुझ्या नावानं हाक मारायचे. मी ओ द्यायचे. बोलायला अवघड जातं मला, पण तेवढी ओ देता यायची.

२९ तारखेला आजोबांच्या कबरीची पहिली साफसफाई आहे. नव्या कबरीची बाकीच्यांच्या आधी करतात, तुला माहितीय. सगळं खानदान येणार. आत्या विचारणार, थोरली कुठाय. बाबा म्हणणार, कामात आहे. सगळे मान हलवणार आणि कुणाचाच विश्वास बसणार नाही. बाबांना तसं उभं राहिलेलं मी एकदा, आजोबांना पुरलं तेव्हा, बघितलंय. परत नाही बघायचं मला. म्हणून ये.

त्या "परत येऊ नकोस"बद्दल बोलायचं तर ते स्वतःहून काही म्हणणार नाहीत. तू वाट बघशील तर म्हातारी होशील. पण एक सांगते. परत आलेल्या पिशव्या त्यांनीच आत आणल्या, जनावरं धुतली आणि सगळ्या दुकानभर लावली. आता आपलं दुकान म्हणजे प्राणिसंग्रहालय झालंय. मग परवा मला म्हणाले, "एक ड्रॅगन कर."

"ड्रॅगन डब्याचा होत नाही."

"का? शेपूट लाव, मिशा लाव."

"काय ठेवायचंय त्यात?"

"तुला काय करायचंय? कर."

आपल्या घरात ड्रॅगनच्या वर्षात जन्मलेलं माणूस एकच आहे, आणि ते आत्ता हे पत्र वाचतंय. हे मी त्यांना बोलले नाही. मी नाहीच बोलत.

केला. कड्या एकावर एक चिकटवून खवले केले, ब्रेकच्या तारेच्या मिशा. बाबांनी बघितला आणि म्हणाले, ही पाल आहे. परत कर. परत केला. म्हणाले, शिंगं वाकडी आहेत. आज तिसऱ्यांदा करतेय. शिंगं सरळ राहत नाहीत, गोंद संपलाय, आणि ते दर थोड्या वेळानं येऊन डोकावतात आणि म्हणतात, "झाला? रविवारच्या आत व्हायला पाहिजे."

कुठला रविवार, ते सांगत नाहीत. मी हे पत्र लिहितेय हे मी त्यांना सांगितलेलं नाही. पण माझ्यासमोर पाकीट ठेवून गेलेत, तिकीट लावलेलं.

जलदगती गाडीच्या स्टेशनवरून आपल्या गावची बस दुपारी सुटते, तीच पकड. मी थांब्यावर असेन. उतरल्यावर मला काही विचारू नकोस, मला रडू येईल आणि मग बोलताच येणार नाही. आणि उत्तर लिहीत बसू नकोस. उत्तर वाचून परत मीच ते बाबांना सांगायचं, एवढा दम माझ्यात नाही. तूच ये.

तुझी, आणि तुमच्या दोघांच्या मधे बसून बसून दमलेली,
रुओछी