मागच्या दारची बादली

प्रिय आत्या,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे मला. तरी लिहितेय. आज बोलणार कुणाशी? तुमचा लेक चाकणला सेकंड शिफ्टला, नातू पुण्याला हॉस्टेलवर. घरात मी एकटी, आणि आज एक पेशंट माझ्या हातात गेला. तुमच्या माघारी पहिलाच.

आळेफाट्याच्या अलीकडे टोमॅटोचा टेम्पो उलटला. आमची ॲम्ब्युलन्स गेली. टेम्पोचा ड्रायव्हर किसन, अवसरीचा. सारखा म्हणत होता, "ताई, क्रेट सावलीला घ्या ना. माल उन्हात पडलाय." मी म्हटलं, "घेतले हो भाऊ." कसले घेतले! सगळा माल रस्त्यावर चेंदामेंदा झालेला. नारायणगाव यायच्या आत त्याचा हात सैल पडला.

असं पहिल्यांदा झालं तेव्हाचं आठवतं? मी नवी नवरी, ड्युटीवरून दमून आले, तर तुम्ही पुढच्या दारात आडव्या! "मढ्याला हात लावून आलीस. मागनं ये. आंघोळीबिगर उंबरा वलांडायचा न्हाई." काय संताप झाला होता माझा! म्हटलं, नर्स आहे मी, कोपरापर्यंत हात धुऊन आलेय. तर म्हणालात, "हात धुतलंस. बाकीचं?"

मागं मोरीत कढत पाण्याची बादली तयार. आत सोडण्याआधी विचारलंत, "नाव काय व्हतं? पोरंबाळं?" मी सांगितलं. मग मी आत, तुम्ही बाहेर भांडी घासायला. केवढा तो दणदणाट! मला वाटलं, सासू राग काढतेय. घासलेलीच भांडी पुन्हा घासताय, हे फार उशिरा ध्यानात आलं. माझं रडणं शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून! कळल्यावरही मी कधी बोलले नाही. का नाही बोलले हो? तोंड शिवलं होतं का माझं?

दवाखान्यात नातेवाइकांनी रडायचं आणि सिस्टरनं उभं राहायचं. डॉक्टर म्हणतात, होते सवय. डोंबलाची सवय! मला सवय झाली ती तुमच्या बादलीची.

आणि तुम्ही काय केलंत? पहाटे झोपेतच गेलात. हाक नाही, बोंब नाही. घर माणसांनी भरलं आणि जो तो म्हणे, सिस्टर हाय ती, तिला ठावं समदं. मीच सगळं केलं. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सून लई कोरडी, असं बोललेही असतील लोक. तुम्ही तरी तसं मानू नका.

आज पाय आपसूक मागच्या दारी वळले. बादली पालथी. घरात शिरवेना. पायरीवर बसूनच राहिले. मग उठून बंब पेटवला, बादली भरली आणि तिथंच मोठ्यानं म्हटलं, "किसन. अवसरीचा. दोन पोरी आहेत." विचारलं कुणीच नव्हतं.

मोरीत गेले तर सगळं चिडीचूप. हुंदका आला आणि शेजारच्या वहिनींचा खोकला ऐकू आला. मग काय करणार? घेतला तांब्या आणि बसले बादलीवर बडवत! वहिनी म्हणाल्या असतील, बाई येडी झाली. पण रडले आत्या, पोटभर रडले. पाणी निवून गेलं तरी रडणं थांबेना. तेव्हा कळलं, हे एकट्या किसनचं नाही.

यापुढं कुणी गेलं, की पाणी माझं मी ठेवीन, नाव बाहेर सांगेन, मगच घरात येईन. शब्द देते तुम्हाला.

सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं. मी कधी घेतलं नाही. आज आत येण्याआधी, ओल्या केसांनी दारात उभी राहून घेतलं. भागीरथी. वारूळवाडीची. एक सून आहे.

तुमची,
शोभा