शहाऐंशी युनिट गेले कुठे?

महाळुंगे पडवळ
३ एप्रिल १९९७

ती. सुनीलदादास वैजयंतीचा शि. सा. न. वि. वि.

विजेचं बिल आलं आणि इथे घर डोक्यावर घेतलं गेलं! एका महिन्यात एकशे अडतीस युनिट. मामंजींनी बिल तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं आणि म्हणाले, सूनबाई माहेरून मिक्सर आणि इस्त्री घेऊन आली आणि मीटर सुसाट सुटलं. पुढल्या बिलात आकडा उतरला नाही, तर दोन्ही वस्तूंसकट मला माहेरी पोचवणार आहेत. लग्नाला अजून वर्ष नाही रे! तू कारखान्यात वायरमन. कुठली वस्तू किती वीज खाते ते कसं काढायचं, लगेच कळव.

वहिनींना नमस्कार. धाकटीवर माया असू दे.
तुझी वैजू

भोसरी
७ एप्रिल १९९७

चि. सौ. वैजूस अ. उ. आ.

गणितात काठावर पास झालेली माझी बहीण हिशेब मागते, हे वाचून मलाच घाम फुटला. सोपं आहे. वस्तूवर वॅट लिहिलेले असतात. त्यांना रोजच्या तासांनी गुण, हजारानं भाग, की दिवसाचे युनिट. मग तिसानं गुण. मिक्सरचे वॅट बघून घाबरू नकोस, तो चालतो दहा मिनिटं. आकडा जुळला नाही, तर घरातली सगळी बटणं बंद कर आणि मीटरमधली चकती बघ. ती थांबायला पाहिजे.

मामंजींच्या तोंडी लागू नकोस. दादाची आठवण ठेव.
सुनील

महाळुंगे पडवळ
१२ एप्रिल १९९७

ती. दादास शि. सा. न.

तीन बल्ब सत्तावीस, पंखा चौदा, टीव्ही सहा, इस्त्री तीन. आणि ज्या मिक्सरवरून एवढं महाभारत झालं, तो महिन्याला सव्वादोन युनिट! सगळे मिळून बावन्न. मग उरलेले शहाऐंशी खाल्ले कोणी? मामंजी म्हणाले, तुझी वही खोटी, तू लपून काहीतरी चालवतेस. मला रडूच आलं.

काल दुपारी सगळी बटणं बंद केली. दादा, चकती फिरतच होती! मामंजींना हाक मारली, तर मीटरकडे न बघताच ते शेतावर गेले. आता मी काय करू?

तुझ्याच आधारावर,
वैजू

भोसरी
१६ एप्रिल १९९७

वैजू,

पोस्टाची वाट बघायला वेळ नाही. तुमच्या गावचा सावळाराम आज गावी निघालाय, त्याच्या हाती चिठ्ठी देतोय. वाचल्याबरोबर मेन स्विच बंद कर. हात कोरडे हवेत, पायात चप्पल हवी. वीज कुठेतरी उतरतेय, भिंतीत, नळात की पत्र्यात, देव जाणे. वायरमन तपासून जाईपर्यंत स्विच चालू करायचा नाही. मामंजी ओरडले तर ओरडू देत. मला रविवारशिवाय सुट्टी नाही, रविवारी येतोच.

दादा

महाळुंगे पडवळ
१८ एप्रिल १९९७

सुनीलराव पावणं यांना रखमाजीचा रामराम.

चिठ्ठी परवा संध्याकाळी पोचली. सूनबाईनं मला न इचारता मेन स्विच पाडला. मी लई भडकलो. काल वायरमन आणला. गोठ्यातल्या बल्बाची वायर लोखंडी खांबावर घासून उघडी पडली व्हती. खांबात करंट, पत्र्यात करंट! आन ती वायर मीच ओढली व्हती, चार पैसे वाचवायला.

आमची कारभारीण झुंबरबाई त्या खांबाला टेकून धार काढायची. हाताला मुंग्या येत्यात म्हणायची. मी म्हनलं, कामाचा कंटाळा, दुसरं काय! तिच्या टाचांना भेगा, म्हणून पायात रबरी चपला असायच्या. वायरमन म्हनला, चपलांनी वाचवलं.

चिठ्ठी आली त्याच दिवशी सकाळी मी सूनबाईला सांगितलं व्हतं, उद्यापास्नं धार तू काढ, आन आधी गोठा पाण्यानं धुऊन घेत जा. ती गोठ्यात अनवाणी जाती, पावणं.

लोभ असू द्या, असं कोणत्या तोंडानं लिहू?
रखमाजी