मोहाखालचा काळा ठिपका

२४ मार्च
नंदुरबारला उतरलो तो शिंकतच. मिरची बाजाराने पाहुण्याचं इतकं मनापासून स्वागत केलं. जीपने सातपुड्यातल्या वनचौकीवर पोचेतो धुळीने मला इथलाच रहिवासी करून टाकलं होतं. वणवे शोधायला इथे ड्रोन आणलाय, त्यावर लिहायचंय. संस्कृतची जुनी खाज, म्हणून मी त्याचं नाव ‘श्येन’, म्हणजे ससाणा, ठेवलं. तो उडवणारा भरत शहाद्याचा. दुपारपर्यंत त्याने त्याचं ‘शेण’ केलं. वर मलाच ऐकवलं, काका, हाई पाखरू श्लोकघाई नही, बॅटरीघाई उडस. म्हणजे श्लोकाने नाही, बॅटरीने.

२६ मार्च
ड्रोनचा कॅमेरा उष्णता टिपतो. पडद्यावर ऊन ते पांढरं, गार ते काळं. आम्ही सगळे पांढरे ठिपके. एरवी माझं इतकं तेज कुणाला दिसलं नव्हतं.
जामसिंग वणवा विझवणाऱ्या पथकात. मोहाची फुलं दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात नि आग रानात शिरते. हा मात्र आपल्या मोहाखाली झाडून घेतो. त्याची बायको रूपलीबाई म्हणाली, घरात कधी झाडू धरला नाही, झाडाचा तेवढा लाड. तो लाजून हसला.

३० मार्च
दरीत वणवा. आगीपुढे एक पांढरा ठिपका, जागचा हलेना. माणूस अडकलाय असं वाटून भरतने वॉकीटॉकीवर दिशा सांगितली. जामसिंग उतरला. तो ठिपका म्हणजे धुमसणारा मोहाचा बुंधा होता. तेवढ्यात वारा फिरला.
जामसिंगचं प्रेत झोळीत घालून आणलं. रूपलीबाई त्याच्या पायांची राख पदराने पुसत राहिली. भरत ते चित्रण पुन्हा पुन्हा लावून पाहतोय.

३ एप्रिल
सकाळी जामसिंगच्या मोहाखाली काळा ठिपका दिसला. माणसाएवढा. भरत म्हणाला, कॅमेरा बिघडलाय. तेवढ्यात ठिपका वाकला. जमिनीवरून काहीतरी वेचू लागला.
आम्ही जाऊन पाहिलं. कुणी नाही. फुलांची नीट लावलेली रास. हात लावला — बर्फासारखी.

५ एप्रिल
रूपलीबाईला कळलंच. पडद्यापाशी येऊन बसते. तो उपाशी असेल म्हणते. भरत आता उडवायला नको म्हणतो. मीच हट्ट धरला, बिचारीला एकदा पाहू दे.
ठिपक्याने वर पाहिलं. हात हलवला. मी म्हणालो, बाई, तुम्हाला बोलावतोय बघा.
ती किती दिवसांनी हसली.

७ एप्रिल
पुन्हा आग. मोहाच्या बाजूलाच. रूपलीबाई भाकरी बांधून तिकडे गेली म्हणे. भरत ड्रोन मोहावर स्थिर ठेवून पथकासोबत धावलाय. पडदा नि ड्रोनवरच्या भोंग्यातून बोलायचा माइक माझ्याकडे.

दिसली. ओरडलो, रूपलीबाई, मागे फिरा! ती थांबली. भाकरी उंच धरून मला दाखवली. पुढे चालली.

काळा ठिपका उठलाय. हात हलवतोय, परवासारखाच. पण तो — तो बोलावत नाहीये. परत जा म्हणतोय. परवाही तेच — आणि मी तिला काय सांगितलं —

तिने त्याचा हात धरला. तिची बोटं राखाडी. मनगट. आग पोचली नाही अजून, तरी ती गार पडतेय. जामसिंग, सोड रे तिला —

तो सोडवतोय. दोन्ही हातांनी ढकलतोय. तीच सोडत नाही, तीच —