सेन्सर मीच बदलणार

३ मार्च, मंगळवार

गाडीतला पिवळा दिवा पुन्हा लागला. त्यात सिग्नलला गाडी बंद पडली. ही शेजारी, नाकात नळी, मांडीवर छोटा सिलिंडर. मागचे हॉर्न मारतायत आणि मी किल्ली फिरवतोय. ही एवढंच म्हणाली, "सावकाश."

गॅरेजवाल्याने यंत्र लावून बघितलं. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, काका. गाडी ठेवून जा, आठवड्याने बघू." आठवड्याने! मधे हिला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर काय, खांद्यावर घेऊन पळू?

सेन्सर आणतो आणि मीच बसवतो. घरातले नळ मी बदलले, पंखा मी उघडला, हिचं ऑक्सिजनचं मशीनसुद्धा मीच साफ करतो. परवाच त्याची पाण्याची बाटली, जिच्यातून ऑक्सिजन हिच्या नळीत जातो, ती झाकणासकट खळखळ उकळून काढली, आत बुळबुळीत झालं होतं. मशीनवाल्याच्या भरवशावर राहिलो असतो तर शेवाळ धरलं असतं. ही म्हणते, "तुम्हाला दुसऱ्याच्या हातचं काही पटतच नाही." नाही पटत.

४ मार्च

हिच्या बोटाला क्लिप लावली. रक्तातला ऑक्सिजन ८७. मागच्या आठवड्यात ९२ होता.

५ मार्च, गुरुवार

सेन्सर निघत नाही. इंजिनातून धुराचा पाइप निघतो, तिथे धुरातला ऑक्सिजन मोजत बसतो हा, आणि आता गंजून पाइपाशी एकजीव झालाय. गंजाचं तेल मारलं. वाट बघितली. पान्याला लोखंडी नळी लावून अंगातला सगळा जोर दिला, तर पाना सटकला आणि बोटांची सालं निघाली.

ही वरच्या खिडकीत बसून बघत होती. "जमतंय का?" एवढ्या दोन शब्दांना तिला मधे थांबून श्वास घ्यावा लागला. "जमतंय," म्हटलं. कसलं डोंबलाचं जमतंय.

६ मार्च

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, मशीनचा आकडा वाढवा. वाढवला. मशीनवरच्या काचेच्या नळीतली, ऑक्सिजन किती सुटतोय ते दाखवणारी गोळी बरोबर रेघेवर तरंगतेय, मशीन घुरघुरतंय, आणि क्लिप म्हणते ८५. क्लिपच बिघडली असणार. नवीन आणली. माझ्या बोटाला ९७. हिच्या बोटाला ८५.

संध्याकाळी पुन्हा फोन. "फुप्फुसांचा आजार पुढे सरकतोय. ऐंशीच्या खाली गेलं तर घेऊन या, नाहीतर घरीच असू देत. मनाची तयारी ठेवा."

मनाची तयारी कशी करतात ते विचारायचं राहिलं. फोन ठेवला होता त्यांनी.

८ मार्च, रविवार

निघाला! इंजिन चांगलं तापू दिलं, मग पाना लावला. आधी कुरकुरला, मग सुटला. मनगट भाजलं, भाजू दे. नव्या सेन्सरच्या आट्यांना वंगण लावलं, टोकाला बोट लागू दिलं नाही, आधी हातानेच फिरवत नेला आणि मग पाना. वायरीचा जोड टक्कन बसला. शेजाऱ्याच्या यंत्राने दिवा घालवला. चौकापर्यंत चक्कर मारून आलो, दिवा नाही. हिला खालूनच अंगठा दाखवला. तिनेही दाखवला. बरेच दिवसांनी काहीतरी धड झालं.

लेकीचा फोन. शनिवारी येतेय, रजा काढून. "सहजच," म्हणाली. इतक्या लांबून कुणी सहज येत नाही. डॉक्टर तिच्याशीही बोललेले दिसतात.

९ मार्च

दिवा परत लागला.

१० मार्च, मंगळवार

नवा सेन्सरही तेच म्हणतो. नवी क्लिपही तेच म्हणते. ८३.

हिचं जेवण दोन घासांवर आलंय. दुपारी म्हणाली, कपाटातली राखाडी शाल लेकीला द्या, तिला आवडते. म्हटलं, शनिवारी येतेय ना, तूच दे. हसली. हसताना खोकला आला, तो थांबेचना. पाठ चोळत बसलो. तिच्या पाठीत आता नुसती हाडं लागतात.

मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो. ही गेल्यावर या घरात मी कुणाशी भांडणार?

११ मार्च

८२. गाडीकडे गेलोच नाही.

१२ मार्च, गुरुवार

ऐंशीच्या खाली गेलं तर न्यायला गाडी चालू तर हवी. म्हणून सकाळी खाली जाऊन सुरू केली. वरून हिने हात हलवून बोलावलं. वर गेलो.

"फुसफुसतेय ती."

"कोण?"

"गाडी. पुढून." थांबली. श्वास घेतला. "तो सेन्सर बिचारा... खरंच सांगत असेल. हवा... कुठून तरी जातेय."

माझ्या खटपटी बघून बघून ही अर्धी मेकॅनिक झालीय. आणि मी खाली वाकून, कान तिथेच असून ऐकलं नाही! इंजिन गार झाल्यावर परत सुरू केलं आणि वाटीत साबणाचं पाणी घेऊन पाइपाला ब्रशने लावत गेलो. सेन्सरच्या अलीकडच्या जोडावर बुडबुडे आले. नट ढिला. तिथून धूर बाहेर फुसफुसत होता, प्रत्येक ठोक्यामागे बाहेरची हवाही आत ओढली जात होती आणि सेन्सर ती इमानदारीत सांगत होता. जुन्या सेन्सरला काहीही झालेलं नव्हतं. मी त्यालाच शिव्या घालत बसलो होतो.

नट आवळला. फुसफुस बंद. दिवा घालवला, दोन चकरा मारल्या, परत आला नाही.

वाटी हातात घेऊन वर येत होतो. जिन्यातच थांबलो. दोन्ही क्लिपा तेच सांगतायत. गोळी रेघेवर आहे, पण गोळी बाटलीच्या अलीकडे; बाटलीच्या पुढे किती पोचतंय ते ती सांगत नाही.

१२ मार्च, दुपार

बाटलीच्या झाकणाला साबणाचं पाणी लावलं. कडेने बुडबुडेच बुडबुडे. उकळून उकळून झाकण मीच वाकडं केलंय. इतके दिवस हिचा ऑक्सिजन खोलीत जात होता.

माळ्यावरची जुनी बाटली काढून लावली. क्लिप हातात धरून बसलो. ८५. ८८. मग ९२.

हिला सगळं सांगितलं. तिने नाकातली नळी नीट बसवली. मग कुठेही न थांबता, एका श्वासात म्हणाली, "यापुढे तुम्ही फक्त गाडीला हात लावायचा, माझ्या मशीनला नाही, कळलं?"